लागू नसेल ते खोडावे

फॉर्म सोमाचा होता, पण महाडहून कापडे गावापर्यंत तो आणला भिकाजींनी. तरुण माणसाच्या हातात कागद चुरगळतो असं त्यांचं मत होतं, आणि पंचायत समितीत एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या मताला घरात कोणी हरकत घेत नसे. त्यांनी फॉर्म दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातला, पुठ्ठ्यांना सुतळी बांधली, आणि एस.टी.त तो जुडगा मांडीवर उभा धरून बसले. समोरच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलं, "फोटो हाय काय?"

"आहे," भिकाजी म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की फोटो नाही. पण एकदा शुद्ध बोलून झाल्यावर ते मागे घेणं त्यांना जमलं नाही. पोलादपूरपर्यंत म्हातारी त्या पुठ्ठ्यांकडे बघून अधूनमधून हात जोडत राहिली.

पोलादपूरला गाडी थांबली तेव्हा सुंदराबाईंनी खारी बिस्किटांची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली आणि सकाळपासून अडलेला प्रश्न विचारला.

"जानकीला सांगणार कोण?"

"मी सांगतो. सांगायचं काय त्यात? कागदोपत्री बाब आहे."

"तेरा वर्षं नाय सांगितलंत ते."

"नाही."

"तेच म्हंते मी. नाय सांगितलंत."

"नाय नव्हे गं. नाही."

सुंदराबाई खिडकीतून बाहेर बघू लागल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याने दुरुस्त केलेल्या शब्दांचा हिशेब त्यांनी केव्हाच सोडून दिला होता.

फॉर्म इंग्रजीत होता, मराठीत होता, आणि दोन्हींच्या खाली जपानी अक्षरांची एक बारीक ओळ होती. महाडच्या नव्या औद्योगिक वसाहतीत जपानी भांडवलाचा कारखाना उभा राहत होता. यंत्रं तिकडून येणार, यंत्रांची पुस्तकंही तिकडचीच, आणि पुस्तकं मराठीत करण्यापेक्षा पोरंच जपानीत करावीत असं कंपनीला वाटलं. म्हणून आय.टी.आय. झालेली चाळीस पोरं निवडून पाच महिने रोज सकाळी त्यांना जपानी शिकवलं गेलं. त्यातली बारा आता आठ महिन्यांसाठी जपानला जायची होती. यादीत सोमाचं नाव नववं होतं. फॉर्म सोमवारी सकाळी दहाच्या आत द्यायचा होता, आणि आज रविवार होता.

अडचण सातव्या रकान्याची होती. तिथे लिहिलं होतं : *वडील : हयात / मयत. लागू नसेल ते खोडावे.* आणि त्याखाली : *हयात असल्यास वडिलांची, मयत असल्यास आईची संमतीदर्शक सही.*

सोमाचा बाप महादू, म्हणजे भिकाजींचा धाकटा भाऊ, चौऱ्याहत्तरच्या जुलैत ट्रक घेऊन कणकवलीला निघाला आणि कशेडी घाटात दरड आली. ट्रक तिसऱ्या दिवशी सापडला. क्लीनर सापडला, तो गेलेला होता. महादू सापडला नाही. भिकाजी चार दिवस दरीत उतरत होते. पाचव्या दिवशी पंचनामा झाला. हवालदाराच्या बोटाला काच लागली होती, म्हणून पंचनाम्याची स्वच्छ प्रत भिकाजींनीच लिहून दिली. तिचं शेवटचं वाक्य होतं : *सदर इसम मिळून आला नाही.*

वाक्यात काही खोट नव्हती. महादूच्या बायकोने, जानकीबाईंनी, ते तेव्हा तीनदा वाचून घेतलं आणि पुढची तेरा वर्षं ज्याने लिहिलं त्यालाच ऐकवलं. "मिळून आला नाय असं तुमीच लिवलंत भावजी. मेला असं कुठं लिवलंत?"

सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो माणूस कायद्याने मयत धरता येतो, हे भिकाजींना ठाऊक होतं. सात वर्षं एक्क्याऐंशीत झाली. त्यानंतरच्या प्रत्येक मे महिन्यात ते हे सांगायला कापड्याला येत आणि आंबे घेऊन परत जात.

काल त्यांनी कंपनीच्या कारकुनाला विचारून पाहिलं होतं : समासात 'बेपत्ता' असं लिहिलं तर?

"काका, हा कागद जपानला जातो," कारकून म्हणाला. "तिकडे रकान्याबाहेरचं कोणी वाचत नाही."

भिकाजींना त्या देशाबद्दल प्रथमच आदर वाटला. आणि रागही आला.

*

मंजुळाला कालपासून आईकडे बघवत नव्हतं. आई खुशीत होती.

सोमा शनिवारी संध्याकाळच्या गाडीने आला आणि उंबऱ्यात पाय ठेवता ठेवता म्हणाला, "आई, साहेबानं बाबांचं इचारलं."

जानकीबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "तू काय म्हटलंस?"

"हाय म्हटलं."

"मग?"

"मग साहेब खुर्चीतून उठला, दोन्ही हात मांड्यांला लावले आणि वाकला. कमरेतून."

"तुझ्या बाबासाठी?"

"व्हय. बराच वेळ."

जानकीबाईंनी सूप खाली ठेवलं. तेरा वर्षांत त्यांच्या नवऱ्याच्या नावाने कोणी खुर्चीतून उठलं नव्हतं. लोक मान हलवत, सुस्कारे टाकत, काही तर आवाज उतरवून बोलत. आज सकाळपर्यंत विहिरीवरच्या बनुबाईला, तिथून अख्ख्या बौद्धवाडीला कळलं होतं की जपानचा साहेब सोमाच्या बाबासाठी वाकला. दुपारी थोरला दीर आणि जाऊ येणार म्हणून जानकीबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकट भाजली, आणि भाकरी उलटताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

मंजुळाला साहेब का वाकला ते माहीत होतं. चौदावा धडा.

या भाषेने घरात शिरताना आधीच एक गोंधळ घातला होता. सोमा हायस्कूलसाठी भिकाजींच्या, म्हणजे तात्यांच्या, महाडच्या खोलीवर राहिला तेव्हा तात्या त्याच्या प्रत्येक 'हाय'ला आणि प्रत्येक 'नाय'ला बोटांवर फूटपट्टी मारत. आपण नोकरीला लागलो तेव्हा साहेबलोक आपल्या 'नाय'ला कसे हसले, हे ते मारताना सांगत, म्हणजे मार आणि कारण एकाच वेळी मिळे. सहा वर्षांत सोमा शुद्ध झाला. आणि मग कंपनीच्या वर्गावर पुण्याच्या बाई आल्या, शुभ्र साडी, शुभ्र मराठी, आणि पहिल्याच दिवशी चाळीस पोरांना म्हणाल्या, "जपानीत होकाराला म्हणायचं, हाय! मोठ्याने म्हणा, हाय!"

पोरांनी छप्पर उडवलं. बाई म्हणाल्या, पोलादपूरकडच्या मुलांचे उच्चार फार छान आहेत. चौथ्या धड्यात प्रश्नाच्या शेवटी 'का' आला. अकराव्या धड्यात नकार आला, तो निघाला 'नाय'.

"तात्या, भाषा आपलीच हाय सगळी," सोमाने महाडला जाऊन सांगितलं होतं. भिकाजींनी फूटपट्टी कुठे आहे ते बघितलं. ती मिळाली नाही. पोरगाही चोवीस वर्षांचा होता.

सोमा दर शनिवारी वही घेऊन येई आणि सोमवारी घेऊन जाई. मधल्या वेळात मंजुळा ती बालवाडीच्या हजेरीच्या मागच्या पानांवर उतरून काढी. बालवाडीत ती गावातल्या बावीस पोरांना काऊ-चिऊ शिकवत होती, आणि पोरं झोपली की स्वतः सेहेचाळीस अक्षरं गिरवत होती. सोमाचे सतरा धडे झाले होते, तिचे वीस. पुढचे तीन तिने त्याच्या पुस्तकातून काढले होते. एकदा तिने सोमाकरवी बाईंना विचारून पाहिलं, मुलींना घेतील का? बाईंनी साहेबांना विचारलं. उत्तर आलं, मशीनवर नाही, पुढे कधी टेलिफोन आला तर बघू. तेव्हापासून मंजुळा कधी कधी रिकाम्या बालवाडीत टेलिफोन उचलल्यासारखा हात कानाला लावून बसे आणि 'मोशी मोशी' म्हणे. पलीकडून कोणी बोलत नसे, पण तिचे उच्चार चांगले होते.

"मंजे, भाकरी करपली," आई म्हणाली आणि हसली. करपलेल्या भाकरीला हसणारी आई मंजुळाने पाहिली नव्हती.

*

जेवणं झाली. भिंतीवरल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली भिकाजी बसले, त्यांनी सुतळीची गाठ सोडली आणि घसा साफ केला.

"जानकी, सोमाच्या फॉर्मवर तुझी सही लागणार आहे."

"द्या की. कुठं करू?"

"थांब. आधी काय आहे ते ऐकून घे." त्यांनी सातवा रकाना वाचून दाखवला, खोडावे पर्यंत.

"त्यात काय?" जानकीबाई म्हणाल्या. "सोमानं साहेबाला सांगितलं हाय. हयात लिवा. सहीला काय, सांगा त्यांना, माणूस बाहेर हाय म्हणून."

भिकाजींनी पुतण्याकडे बघितलं. सोमाने बहिणीकडे बघितलं. मंजुळा खारीचा तुकडा चहात बुडवून विसरली होती, तो तळाला गेला.

"आई," सोमा म्हणाला, "साहेब वाकला ना, तो वेगळ्या कारणानं."

"कसल्या?"

सोमाला सांगता येईना. मुलाखत त्याला आता पुन्हा दिसत होती. ओकुदासाहेब, वर्गातल्या पोरांनी त्यांचे पहिल्याच आठवड्यात वाकडेसाहेब केले होते. साहेबांनी अर्ज उलटसुलट केला, बापाच्या सहीची जागा कोरी बघितली, चष्म्यावरून वर पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं : "ओतोसान वा इनाय देस् का?" ओतोसान म्हणजे बाबा. पुढचं काही लावायची गरजच पडली नव्हती. बाबा... नाय... का? कोणीतरी घरातलंच विचारत असल्यासारखं ते कानात शिरलं, आणि पाच महिन्यांचं जपानी आणि सहा वर्षांची फूटपट्टी ओलांडून आतून उत्तर आलं, हाय. दोन दिवसांनी बाईंनी त्याला बाजूला बोलावून विचारलं, "अरे, तुझे वडील गेलेले आहेत हे तू कधी बोलला नाहीस?" शनिवारी उंबऱ्यात आईचा चेहरा बघितल्यावर हे पुढचं सांगणं त्याला जमलं नव्हतं.

"मंजे, तू सांग," तो म्हणाला.

मंजुळाने बशी बाजूला सारली. "त्यांच्यात असं असतं आई. 'जेवलीस नाय का?' असं कोणी इचारलं आणि तू जेवलेली नसलीस तर तू काय म्हणशील?"

"नाय म्हणीन."

"ते हाय म्हणतात. म्हंजे, तू म्हणतोस ते बरोबर, मी जेवलो नाय."

"अगो बाय," सुंदराबाई म्हणाल्या, "म्हंजे त्यांच्यात हाय म्हंजे नाय?"

"नकारानं इचारलं तरच, काकी."

"आपण तर नेमी नकारानंच इचारतो."

"साहेबानं इचारलं, बाबा नाय का?" मंजुळा पुढे म्हणाली. आईकडे न बघता. "दादानं हाय म्हटलं. साहेबाला वाटलं, नाहीत. म्हणून तो वाकला. आपल्यात दुखवट्याला जातात ना, तसं."

चुलीतलं लाकूड खाली सरकलं. जानकीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. एक वेढा, दुसरा, तिसरा.

"मग जा आणि सांग त्याला," त्या म्हणाल्या. "चूक झाली म्हणून सांग. बाप हाय."

"बाईंना तेच म्हटलं मी. त्या म्हणाल्या, चौदावा धडा कळला नाय असं झालं तर नाव यादीतून जाईल. तोच धडा बघून तर पोरं निवडलीत. मशीन चालू नाय का असं कोणी इचारलं आणि आपण चुकीचं हाय म्हटलं, तर कोणाचा हात जायचा."

"आणि हयात लिहिलं तर सही महादूची लागेल," भिकाजी म्हणाले. "ती कुठून आणायची?"

"तुमी करा. तुमाला त्यांचं अक्षर येतं."

"जानकी!"

"मग तुमी तेव्हा तसं का लिवलंत? मिळून आला नाय! मेला असं लिवायचं होतंत, मी त्याच दिवशी रडून मोकळी झाली असती. आता काय म्हणून मी खोडू?"

भिकाजींनी चष्मा काढला. चष्मा नसला की ते महादूसारखे दिसत, म्हणून या घरात ते सहसा काढत नसत. "कायद्यात असं आहे, की सात वर्षं..."

"कायदा ऱ्हाऊ द्या," सुंदराबाई म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. येताना त्या नवऱ्याच्या बाजूने आल्या होत्या. "सही झाली की उद्या वाडीतल्या बाया हिच्या गळ्यातली पोत बघायला येतील. तिथं तुमचा कायदा येनार काय उभा ऱ्हायला? मी नाय तिला सांगणार. तुमी बघा."

"मी जात नाय," सोमा म्हणाला. "नको ते जपान. महाडलाच लागेन कुठंतरी."

"तू गप!" ही मंजुळा होती. आवाज इतका वर गेला की अंगणातली कोंबडी दचकून पळाली. "जात नाय म्हणे! सतरा धडे झालेत तुझे. माझे वीस झालेत. मला कोणी इचारलं नाय, जातेस का म्हणून. तुला इचारलंय, तर तू म्हणतोस जात नाय?" ती आईकडे वळली. आजवर या प्रश्नावर ती आईच्या बाजूची होती. दर वीस मार्चला चवदार तळ्यावर आईबरोबर जाणारीही तीच. "आई, खोड. एक रेघ हाय नुसती. बाबा काय त्या कागदात बसलेत?"

जानकीबाई उठल्या. कोणाकडेही न बघता मागल्या दाराने बाहेर गेल्या.

*

मागे शेतात भाताच्या पेरणीसाठी राब भाजला होता. काळ्या चौकोनातून अजून बारीक धूर निघत होता आणि वाऱ्यासरशी घराकडे येत होता. जानकीबाई धुरात उभ्या राहिल्या. तिथे डोळे पुसले तर कोणी काही विचारत नाही.

पंधरा दिवसांपूर्वीच त्या महाडला जाऊन आल्या होत्या. नवरा कुठल्याही खेपेवर असला तरी वीस मार्चला ट्रक महाडला आणायचा आणि चवदार तळ्यावर यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी गर्दीत चुकामूक झाली, ती रडत सुटली, तेव्हा त्याने तिला पायऱ्यांच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं आणि सांगितलं, पुन्हा चुकलीस तर इथंच उभी ऱ्हा. शोधत फिरू नको. दोघं फिरलो तर भेटणार नाय. मीच येतो. तेव्हापासून दर वर्षी, दरडीनंतरही, त्या कोपऱ्यात त्या उभ्या राहत. भाषणं संपत, ट्रक आणि बैलगाड्या परतीला लागत, त्या उभ्या. थोरले दीर लांबून बघत आणि कधीतरी लिंबू सरबताचा पेला आणून देत. यंदाही दिला. यंदा मंजुळा म्हणाली, "आई, तो कोपरा आता बांधून काढलाय गो. त्यांना ओळखायचा नाय." त्या म्हणाल्या, "मला ओळखतील."

हे हाय-नायचं लचांड ऐकताना त्यांना भलतंच आठवत होतं. तो घरी आला की ट्रकमधून उतरायच्या आधी ओरडायचा, "चाय नाय काय गो?" चहा असायचाच. "हाय," त्या आतून म्हणायच्या. "भाकर नाय काय?" "हाय." एकदा वैतागून त्यांनी विचारलं होतं, सरळ का इचारत नाय, हाय काय म्हणून? तो म्हणाला, "नाय काय म्हटलं की तू लगेच हाय म्हणतेस. मला ते ऐकायचं असतं."

साहेबानं तसंच विचारलं. पोराने तसंच उत्तर दिलं. अकरा वर्षांचा होता तो तेव्हा, त्याने ऐकलेलं असणार.

आणि कणकवलीला निघताना नवरा म्हणाला होता, येतो. सगळेच म्हणतात. घरातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही. पण तो तसं म्हणाला आणि त्यांनी त्याला काही उत्तर दिलं नव्हतं, कारण हातात दुधाचं भांडं होतं आणि ते सांडत होतं. तेरा वर्षं त्या उत्तर तयार ठेवून बसल्या होत्या.

धूर दुसरीकडे वळला. आत सोमा काहीतरी बोलत होता, आणि बोलणं संपवून पुन्हा तेच बोलत होता. त्याचा आवाज हुबेहूब बापासारखा झाला होता; महाडच्या खोलीतल्या सहा वर्षांनी शब्द बदलले, आवाज बदलला नव्हता. तो इथे राहिला तर तो आवाज रोज घरात असणार. आणि रोज वाटणार की तो आला, आणि रोज तो सोमा निघणार.

त्या आत आल्या.

*

"भावजी," जानकीबाई म्हणाल्या, "इचारा."

"काय?"

"साहेबानं इचारलं ते. मला इचारा, मी सांगते, मग तुमी लिवा."

"त्याची काही गरज नाही. तू फक्त..."

"गरज हाय. साहेबानं इचारलं तसंच इचारा. नकारानं."

भिकाजींनी सोमाकडे बघितलं. सोमाने मान खाली घातली. भिकाजींनी चष्मा पुन्हा लावायला घेतला आणि हातातच ठेवला. एकोणतीस वर्षांत त्यांनी हजारोंना प्रश्न विचारले होते : नाव, गाव, जमीन, जात, उत्पन्न. प्रश्नाची वाक्यं त्यांना कधी शोधावी लागली नव्हती. आता त्यांनी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं त्याने सुंदराबाईंसुद्धा चमकल्या, कारण लग्नानंतर हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. हे कापड्याचं बोलणं होतं, दोन भाऊ एका ताटात जेवत तेव्हाचं.

"आपला महादू," भिकाजी म्हणाले. मध्येच थांबले. "आपला महादू नाय काय गो, जानकी?"

"हाय," जानकीबाई म्हणाल्या.

सुंदराबाईंना वाटलं, झालं, ही काय ऐकत नाय. सोमाला वाटलं, आपण यादीतून गेलो, आणि त्याला हलकं वाटलं, मग ते हलकं वाटणंच छातीवर बसलं. मंजुळाने आईचा चेहरा बघितला आणि तिला उमगलं. चौदावा धडा आईला एका दुपारीत कळला होता.

"लिवा आता," जानकीबाई म्हणाल्या. "मी सांगितलं ना."

भिकाजींनी पेन काढलं. फूटपट्टी मागितली, बालवाडीची होती, तिच्यावर ससा होता. हयात या शब्दावर ती ठेवून त्यांनी रेघ मारली. एकच, बारीक, सरळ. मग फुंकर घातली, शाई वाळेपर्यंत थांबले आणि कागद तिच्याकडे फिरवला.

"बघ. वाचता येतं."

"काय?"

"खोडलेलं. गिचमिड करायची नसते. आधी काय होतं ते वाचता आलं पाहिजे, असा नियमच आहे." त्यांचा आवाज पुन्हा महाडचा झाला होता, पण नीट बसला नव्हता. "तिकडेसुद्धा वाचतील. हयात. स्पष्ट दिसतंय."

जानकीबाईंनी वाकून बघितलं. रेघेखाली शब्द अख्खा होता. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली : जानकी महादू हाटे. नवऱ्याचं नाव त्या तोंडाने घेत नसत, लिहीत मात्र असत, वर्षातून एखाद्या वेळी, जिथे सही लागेल तिथे. जानकी पटकन झालं. हाटे तर मोडक्यातोडक्या दोन अक्षरांत आटपलं. मधल्या शब्दाला त्यांनी भरपूर वेळ घेतला, आणि दूचा उकार झाल्यावरही पेन लगेच उचललं नाही.

सुंदराबाईंची नजर पोतीकडे गेली. जानकीबाईंनी ती ब्लाउजच्या आत सारली आणि पदर नीट केला. "बाया आल्या तर सांगेन," त्या म्हणाल्या, "पोरगा जपानला चाललाय, पेढे उद्या देते."

जपानी ओळ भरायची राहिली होती. सोमाचं जपानी 'का' आणि 'या' एकसारखं येई, बाईंनी तीनदा लाल केलं होतं. त्याने काही न बोलता फॉर्म बहिणीपुढे सरकवला. मंजुळाने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, आणि सोमाचं नाव, गावाचं नाव, बापाचं नाव सावकाश लिहिलं. एकही रेघ थरथरली नाही. भिकाजींनी चष्मा लावून ती अक्षरं न्याहाळली. त्यांना काहीच वाचता आलं नाही, तरी म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

"बालवाडीत मोठं काढावं लागतं," मंजुळा म्हणाली. जपानला तिचं अक्षर तेवढं निघालं होतं. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, आणि पुन्हा लावलं.

फॉर्म पुठ्ठ्यांत गेला. सुतळी बसली.

चारच्या गाडीला सगळे थांब्यावर आले. भिकाजींनी खिडकीची जागा धरली आणि जुडगा मांडीवर उभा केला. सुंदराबाईंनी सुकटीची पुडी मंजुळाच्या हातून घेतली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, सोमा पायरीवर चढला आणि दांडी धरून मागे वळला.

"येतो गो आई."

जानकीबाईंच्या हातात आज काही नव्हतं.

"हाय," त्या म्हणाल्या.

सोमाने तिच्याकडे बघितलं. कुठलं हाय, ते त्याला विचारायचं होतं, पण कंडक्टरने दोरी ओढली होती.